मोबाइलच्या पिढ्या : जुनी व नवी

कुटुंबांतल्याप्रमाणें मोबाइल फोनच्याही पिढ्या मानितात. त्यांत नवी ती सर्वस्वीं श्रेष्ठ व जुनी ती टाकाऊ, असा समज रूढ आहे. तो कितपत खरा, हें पाहूं.

पहिली पिढी १९७९ सालीं टोकियो येथें सुरू झाली. तींत आवाजाचे चढउतार जसेच्या तसे बिनतारी लहरींवर चढवीत. त्यामुळें तिऱ्हाइतासही साध्या ग्रहणयंत्रावर दुसऱ्याचें बोलणें ऐकतां येई. दुसरी पिढी १९९१ सालीं फिनलंडमध्यें आणि ३१ जुलै १९९५ रोजीं, कलकत्ता-दिल्ली संभाषणानें, भारतांत अवतरली. तिनें आवाजाचे अंक केले. त्यायोगें एकाच लहरपट्ट्यांत आठ जणांस आळीपाळीनें बोलतां येऊं लागलें व लेखी संदेशही धाडतां येऊं लागले. मात्र एका संदेशांत रोमन अक्षरें १६० मावत, तेथें देवनागरी ७०च!

तिसरीनें (जपान, २००१) इंटरनेट हातीं दिलें. चौथीनें (स्टॉकहोम व ऑस्लो, २००९) त्यास वेग दिला व आवाजही इंटरनेटच्याच वाटेनें नेला. पांचवी भारतांत १ ऑक्टोबर २०२२ रोजीं आली. वेगाखेरीज अल्प विलंब व एका क्षेत्रांत असंख्य यंत्रें सांभाळण्याची शक्ति, हे तिचे विशेष होत.

परंतु निसर्ग कांहींच फुकट देत नाहीं. अधिक कंपनसंख्येच्या लहरींत रुंद पट्टे मिळतात, म्हणून वेग वाढतो. पण त्या लहरी भिंतींनीं व झाडांनीं लवकर क्षीण होतात. दुसऱ्या पिढीची ९०० मेगाहर्ट्झची लहर दूर पोंचते. पांचवीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरीसाठीं मनोरे जवळजवळ उभारावे लागतात. डोंगराळ व विरळ वस्तीस हा भेद फार जाणवतो.

शिवाय जुनी पिढी बंद करणें, हें केवळ जुनें यंत्र काढणें नव्हे. ऑस्ट्रेलियांत २०२४ सालीं तिसरी पिढी बंद होतांना असें आढळलें कीं, चौथ्या पिढीचे म्हणविणारे कित्येक फोनही संकटकाळचा ००० हा क्रमांक लावण्यास तिसरीवरच विसंबून होते. अखेर असे फोन जाळ्यांतून वगळण्याची आज्ञा कंपन्यांस झाली.

सारांश, वेग हा एक गुण आहे. पोंच व भरंवसा हे दुसरे. नव्या पिढीचें स्वागत अवश्य करावें. पण जुनीवर ज्यांची हांक अवलंबून आहे, त्यांची सोय अगोदर लावावी. ज्याची हांक पोंचत नाहीं, त्यास वेग काय कामाचा?