भिंत कोणाची, मुभा कोणाला?
शहर आणि शरीर : लेखांक सातवा

फेरीवाल्यांच्या निमित्ताने गेल्या लेखांकात आपण फुटपाथ नेमका कोणासाठी, हे तपासले. तोच प्रश्न या आठवड्यात जमिनीवरून भिंतीवर नेऊ. कठडे, जिने, भिंती आणि गच्च्या यांवरून धावत, उड्या घेत, कुठल्याही साधनाविना एका जागेहून दुसऱ्या जागी जाण्याची कसरत म्हणजे पार्कूर. गेल्या वीसेक वर्षांत त्यावर पोट भरणारा कलावंतांचा एक फिरता वर्ग तयार झाला आहे. जाहिराती, चित्रपटांतले स्टंट, प्रात्यक्षिके, कार्यशाळा आणि व्हिडिओ ही त्यांची कमाईची साधने, आणि आशियातली शहरे त्यांच्या विशेष आवडीची. ब्रिटनच्या स्टोरर या संघाने हाँगकाँग, तोक्यो आणि सोल इथल्या गच्च्यांवर चित्रित केलेला ‘रूफ कल्चर एशिया’ हा माहितीपट २०१७ साली आला. असे काही पाहिले की धाडसाला सीमा नसतात, असे वाटू लागते. पण या प्रवासाकडे बारकाईने पाहिले तर निष्कर्ष उलटा निघतो. शरीराचे कौशल्य एका शहरातून दुसऱ्या शहरात जसेच्या तसे नेता येते, मुभा मात्र नेता येत नाही. कुठे कोणती उडी होणार, हे भिंतीच्या उंचीपेक्षा तिच्या मालकीवर, तिथल्या कायद्यावर आणि उडी मारणारा कोण आहे यावर जास्त अवलंबून असते. पार्कूरपटूचा प्रवास त्यामुळे शहराच्या परवानग्यांचा नकाशा म्हणून वाचता येतो.

पहिला आक्षेप असा येईल, की हे युरोपातले खूळ. आशियाच्या शहरांना त्यावरून कशाला जोखायचे? पार्कूर फ्रान्समध्ये घडले हे खरेच. पॅरिसच्या दक्षिणेला असलेल्या लिस आणि एव्री या उपनगरांत १९८०-९०च्या दशकांत डेव्हिड बेल, सेबास्तियन फुकाँ आणि यामाकासी गटातल्या तरुणांनी त्याला आकार दिला. पण त्याची एक मुळी थेट आशियात पोचते. डेव्हिडचे वडील रेमाँ बेल यांचा जन्म व्हिएतनाममधल्या ह्युए इथला. फ्रेंच वसाहतीच्या काळात दलात इथल्या लष्करी अनाथालयात ते वाढले. तिथल्या अडथळ्यांच्या मैदानांवर त्यांनी अंग कमावले आणि १९५४मध्ये, दिएन बिएन फू इथल्या फ्रेंचांच्या पराभवानंतर, ते फ्रान्सला गेले. पुढे पॅरिसच्या अग्निशमन दलात त्यांनी नाव मिळवले. दुसरी मुळी हाँगकाँगच्या पडद्यावरची. पेकिंग ऑपेराच्या कडक तालमीत वाढलेल्या जॅकी चॅनने १९८३च्या ‘प्रोजेक्ट ए’मध्ये घड्याळाच्या मनोऱ्यावरून, तर १९८५च्या ‘पोलीस स्टोरी’मध्ये मॉलमधल्या खांबावरून स्वतःला खाली सोडले. जिना, छत्री, खुर्ची, कठडा अशा रोजच्या वस्तूंना कसरतीचे सामान करण्याची ही रीत फ्रेंच उपनगरांतल्या पोरांनी डोळे भरून पाहिली होती. तेव्हा पार्कूरपटू हाँगकाँगला जातो, तो परक्या कलेचे प्रदर्शन घेऊन जात नाही. ती कला काही अंशी तिथूनच निघाली होती.

आता प्रत्यक्ष शहरांकडे वळू. पार्कूरपटूला शहर दिसते ते अंतरे, उंच्या आणि पृष्ठभाग यांच्या रूपात, आणि ही तिन्ही बऱ्याच अंशी कायद्याने ठरलेली असतात. जपानच्या नागरी संहितेनुसार इमारत हद्दीपासून किमान ५० सेंटिमीटर आत असावी लागते. काही भागांत त्याला अपवाद असले, तरी तोक्योच्या दाट वस्तीत शेजारशेजारच्या इमारतींत वावभरही नसलेली सलग फट दिसते. शेजाऱ्याचा सूर्यप्रकाश अडू नये म्हणून घातलेल्या उंचीच्या बंधनांमुळे वरचे मजले तिरके कापलेले किंवा टप्प्याटप्प्याने मागे सरकलेले असतात. एका गच्चीवरून किंचित खालच्या दुसऱ्या गच्चीवर जाण्याची ती जणू आयतीच सोय. हाँगकाँगमध्ये जुन्या चाळवजा इमारती एकमेकींना चिकटून उभ्या आहेत. एकच जिना असलेल्या इमारतीत आगीच्या वेळी गच्ची हा आसरा ठरतो, म्हणून तिचे दार आतून किल्लीविना उघडता यावे असा दंडक आहे. शिवाय १९६०च्या दशकापासून वाढत गेलेल्या पादचारी पुलांच्या जाळ्यामुळे तिथे माणसे जमिनीपासून वर चालतात. सिंगापूरमध्ये सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांत चारांपैकी तीनहून अधिक रहिवासी राहतात. या इमारतींचे तळमजले मोकळे ठेवलेले असतात; ठरावीक अंतरावरचे खांब, बुटके कठडे आणि उतार यांमुळे सरावाला ती उत्तम जागा. यांपैकी काहीही पार्कूरसाठी बांधलेले नाही. ऊन, आग आणि शेजार यांचा विचार करून झालेल्या नियमांनी उडीच्या वाटा नकळत आखून ठेवल्या आहेत.

वाट असली म्हणून वावरता येतेच असे नाही. हाँगकाँगच्या कॉजवे बे भागातल्या टाइम्स स्क्वेअर या व्यापारी संकुलासमोरची मोकळी जागा लोकांच्या वापरासाठी खुली ठेवण्याची अट विकासकावर होती. तरीही तिथे टेकणाऱ्यांना रखवालदार उठवतात आणि जागेचा काही भाग भाड्याने दिला जातो, यावरून २००८मध्ये मोठा वाद झाला आणि सरकारला कोर्टात जावे लागले. बसणाऱ्याची ही गत, तर कठड्यावर चढणाऱ्याची काय असेल? जपानमध्ये परक्या इमारतीत विनाकारण शिरणे हा दंडसंहितेच्या कलम १३०खाली गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. सिंगापूरच्या मोकळ्या तळमजल्यांची देखभाल स्थानिक नगर परिषदांकडे असते. तिथे चेंडू खेळण्यालाही मनाई करणाऱ्या पाट्या असतात, गच्चीची दारे कुलूपबंद. म्हणून सिंगापूरचे पार्कूर जमिनीलगत फुलते, हाँगकाँगचे चित्रीकरण गच्चीवर जाते आणि तोक्योत ते भल्या पहाटे, रखवालदाराची फेरी येण्याआधी उरकावे लागते. पडद्यावर या तीन शहरांच्या तीन शैली म्हणून दिसतात. प्रत्यक्षात ते मुभेचे तीन प्रकार आहेत.

मुभेचा आणखी एक थर माणसाच्या ओळखीचा असतो, आणि कळीचा मुद्दा तोच आहे. युरोपातला पार्कूरपटू व्हिसाविना आशियातल्या अनेक देशांत उतरतो. त्याला हटकले गेले तर बहुधा समज देऊन सोडले जाते. फार तर परत पाठवले जाते. तीच भिंत चढणारा स्थानिक मुलगा त्याच गल्लीत राहतो, त्याच पोलीस चौकीच्या हद्दीत. त्याला परत पाठवायला जागा नसते. याचे टोकाचे उदाहरण गाझाचे. खान युनिसच्या निर्वासित छावणीतल्या तरुणांनी २००५च्या सुमारास पार्कूर सुरू केले. दफनभूमीच्या भिंती आणि पडझड झालेल्या इमारती हे त्यांचे मैदान होते. त्यांचे व्हिडिओ जगभर पोचले, पण बहुतेकांना स्वतःला ती पट्टी ओलांडता आली नाही, कारण बाहेर पडण्याचा परवाना दुसऱ्यांच्या हातात होता. तेहरानमध्ये २०२०च्या मे महिन्यात एका पार्कूरपटूला आणि त्याच्या सहकारी तरुणीला अटक झाली, ती गच्चीच्या काठावरच्या कसरतीत घेतलेल्या चुंबनाच्या छायाचित्रांमुळे. पडण्याचा धोका त्याआधीही होताच. व्यवस्थेला खुपले ते त्या दोघांचे उघड्यावरचे वागणे.

आपल्याकडेही याचा पडताळा मिळतो. महाराष्ट्रात भर रस्त्यात दोरी बांधून, ढोलकीच्या तालावर कोलांट्या उड्या मारणारे डोंबारी पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरत आले. १९५९च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने भीक मागण्याची व्याख्या करताना सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, खेळ करून दाखवणे या निमित्ताने पैसे मागणेही तिच्यात ओढले. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत डांबण्याची तरतूद त्यात आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८मध्ये या कायद्याची बरीच कलमे राजधानीपुरती घटनाबाह्य ठरवली. एका कसरतीला कला म्हणायचे आणि दुसरीला भीक, याचा निवाडा कोलांटी पाहून होत नाही. कॅमेरा, बूट, भाषा आणि पासपोर्ट पाहून होतो. फिरत्या पार्कूरपटूचे कौतुक करताना हा भेद आपण विसरलो, तर कौतुक अर्धवट राहील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: माणसे मरतात, तेव्हा मुभेची भाषा कशाला, सरळ बंदीच घाला. धोका खरा आहे. वू योंगनिंग हा चिनी तरुण नोव्हेंबर २०१७मध्ये चांगशा शहरातल्या ६२ मजली इमारतीवर लोंबकळताना हात सुटून मेला. त्याच्या आईने केलेल्या दाव्यात बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने २०१९मध्ये हुआजिआओ या व्हिडिओ मंचाला ३० हजार युआन भरपाई द्यायला लावली. मुख्य जबाबदारी मृताची, पण त्याच्या धोक्यावर प्रेक्षक मिळवणाऱ्या मंचाचाही त्यात वाटा आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. हा निवाडा आक्षेपाचे उत्तर पुरवतो. उंचीवर लोंबकळून छायाचित्र काढणे आणि पार्कूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी काही जण दोन्ही करत असले तरी. पार्कूरची शिस्त सांगते की उडी आधी जमिनीवर, तेवढ्याच अंतरावर, शेकडो वेळा करावी; कठडा हलतो का, फरशी ओली आहे का, हे हाताने तपासावे; उतरताना गुडघे वाकवून, गरज पडल्यास खांद्यावरून लोळून वेग जिरवावा. दक्षिण आशियात तर पावसाळ्यात शेवाळ धरलेली भिंत हा एकटाच धोका सगळा बेत बदलायला पुरेसा ठरतो. ही शिस्त मोडते ती पडद्याच्या घाईने, कारण कॅमेऱ्याला शंभरावी सुरक्षित उडी नको असते, पहिली भयंकर उडी हवी असते. सरसकट बंदी घातली की सराव अंधारात आणि घाईत होऊ लागतो, म्हणजे धोका उलट वाढतो. खाली, उजेडात, अनुभवी माणसांच्या नजरेसमोर सरावाची मुभा दिली तर तो घटतो.

तिसरा आक्षेप रहिवाशांचा, आणि तो मान्यच केला पाहिजे. गच्ची हे कोणाच्या तरी घराचे छप्पर असते. तिथे वाळवण असते, पाण्याची टाकी असते, खिडकीतून आत डोकावणारी नजरही असते. पावलांच्या धक्क्याने कौल किंवा पत्रा फुटला तर खर्च पाहुणा देत नाही. म्हणून मुभेचा आग्रह खासगी गच्चीपर्यंत ताणता येणार नाही. पण यावरून काही जण जी पुढची उडी घेतात, ती चुकीची आहे. त्यांच्या मते पार्कूर आता रीतसर खेळ झाला, तेव्हा त्याने मैदानात जावे. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने पार्कूर आपल्याकडे घेतले. २०१८मध्ये हिरोशिमात त्याच्या विश्वचषक मालिकेतली स्पर्धा झाली, आणि पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२च्या ऑक्टोबरमध्ये तोक्योत. हा ताबा अनेक पार्कूर संघटनांना रुचला नाही आणि तो वाद अजून मिटलेला नाही. स्पर्धेमुळे खेळाडूला व्हिसा, विमा आणि डॉक्टर मिळतात, हा लाभ लहान नाही. पण तिथे लाकडी ठोकळ्यांचे आणि लोखंडी नळ्यांचे एक तात्पुरते शहर उभारावे लागते, ज्याला रहिवासी नाहीत आणि मालकीचा तंटा नाही. खऱ्या शहरातला प्रश्न त्यामुळे सुटत नाही. तो फक्त चार दिवस बाजूला ठेवला जातो.

खऱ्या शहरात मधला मार्ग निघू शकतो, याचा पुरावाही आशियातच आहे. सिंगापूरने १९९७पासून रस्त्यावरच्या कलावंतांसाठी परवाना योजना चालवली. तोक्यो महानगर सरकारने २००२मध्ये ‘हेवन आर्टिस्ट’ योजना आणली. चाचणी उत्तीर्ण झालेल्या कलावंतांना उएनो उद्यानासारख्या ठरावीक जागी खेळ करता येतात. कोण काय करतो आहे, हे प्रशासनाला ठाऊक असते आणि कलावंताला रखवालदाराला चुकवावे लागत नाही. अशा परवान्याच्या मर्यादा उघड आहेत. त्यात एका जागी उभे राहून होणारी कला बसते. जागा ओलांडणे हाच ज्याचा गाभा, ते पार्कूर बसवायला अवघड. शिवाय पर्यटक व्हिसावर आलेल्याला कमाईचा खेळ करता येत नाही. तरी त्यातले तत्त्व उचलण्याजोगे आहे: सार्वजनिक उद्यान, नदीकाठ, उड्डाणपुलाखालची मोकळी जागा अशा ठिकाणी, डोक्याएवढ्या उंचीपर्यंत, दिवसाउजेडी, स्वतःच्या जबाबदारीवर सराव करायला हरकत नाही, एवढे लिहून लावायचे. त्याला मोठा खर्च नाही, वेगळे मैदानही नको. आणि ही पाटी लावताना अट एकच, की ती पाहुण्याइतकीच गल्लीतल्या मुलालाही लागू असेल, आणि डोंबाऱ्याच्या दोरीलाही.

फिरत्या कलावंतावरची जबाबदारी यातूनच ठरते. ज्या शहरात तो चार दिवस राहणार, तिथला सराव करणारा गट वर्षभर तिथेच असतो. पाहुण्याने चिडवलेला रखवालदार नंतर त्यांनाच हाकलतो. म्हणून जागा त्यांना विचारून निवडणे, त्यांना नको असलेली जागा सोडून देणे आणि व्हिडिओच्या कमाईत त्यांचा वाटा ठेवणे, हे निव्वळ सौजन्य नाही, हिशेब आहे. आपण प्रेक्षकही इथे मोकळे सुटत नाही. असा व्हिडिओ पाहताना उडी किती फुटांची होती, हे विचारण्याआधी ती भिंत कोणाची आणि दुसऱ्या दिवशी तिथे कोणाला उभे राहू दिले, हे विचारले, तर कोणत्या धाडसाला टाळी द्यायची याची निवड अधिक शहाणपणाने होईल.

(पुढील आठवड्यात : परवाना हातात असलेले रस्त्यावरचे कलावंत, आणि त्यांची चाचणी घेणारे परीक्षक काय पाहतात.)