घर त्यांचं, आधार आपला

पुण्याच्या कोथरूड-सहकारनगरात, ठाण्याच्या नौपाड्यात, डोंबिवलीत लिफ्ट नसलेल्या जुन्या सोसायट्यांमधून आज पंच्याहत्तरी ओलांडलेली जोडपी दोघंच राहताना दिसतात. मुलं बंगळुरूला, नाहीतर परदेशी. ‘आमच्याकडे या’ म्हटलं, की उत्तर येतं, ‘हातपाय चालताहेत तोवर इथेच बरं.’ हा हट्ट नव्हे. ओळखीचा भाजीवाला, दार वाजवून चौकशी करणारे शेजारी, ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक यांवर त्यांचा दिवस उभा असतो. तो तसाच राहावा यासाठी घरपोच सेवा असतात आणि त्या याच कसोटीवर निवडायला हव्यात.

आधी पाहावं, मदत नेमकी कशाला हवी. आंघोळ, कपडे, शौच, चालणं, जेवण ही शरीराची कामं. औषधांच्या वेळा, बँक, वाणसामान, स्वयंपाक ही व्यवहाराची. बहुतेकदा व्यवहाराची कामं आधी जड जातात. अशा वेळी चोवीस तासांचं माणूस ठेवण्याची गरज नसते. आठवड्याच्या गोळ्या वारांप्रमाणे लावलेला डबा, पोळ्यांच्या मावशी आणि दवाखान्यात सोबत येणारं कुणी, एवढ्यानं भागतं. बाबांना दाढीला अर्धा तास लागत असेल, तर लागू द्यावा. उतारवयात वापर थांबला की स्नायूंची ताकद झपाट्यानं जाते आणि ती परत मिळवणं कठीण असतं.

घरी सांभाळणारी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून माणूस घेताना ‘नर्स’ या शब्दावर विसंबू नये. नर्सिंगमध्ये जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, एएनएमचा दोन वर्षांचा असतो. सांभाळणाऱ्या मावशी किंवा मामा बहुधा अनुभवातून शिकलेले असतात. उठवणं, भरवणं, स्वच्छता यांत त्यांचा हात बसलेला असतो, पण इंजेक्शन, नळीतून अन्न देणं, जखमेचं ड्रेसिंग प्रशिक्षित नर्सकडेच द्यावं. कामाचे तास, पगार, ब्युरोचं कमिशन, सुट्टीच्या दिवशीची बदली लिहून घ्यावी. पोलीस पडताळणी करावी. चोवीस तास राहणाऱ्या मावशींना झोप, पोटभर जेवण, स्वतःची जागा आणि आठवड्याची सुट्टी मिळालीच पाहिजे. दमलेल्या माणसाकडून मायेची अपेक्षा करणं अन्याय आहे.

माणसाइतकंच घरही तयार करावं लागतं. म्हातारपणी पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं यांमुळे कित्येकांचं स्वतंत्र जगणं एका दिवसात संपतं. कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा, बाथरूममध्ये न घसरणारी मॅट, पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचा दिवा आणि पायात येणारी पायपुसणी उचललेली, हा खर्च थोडा आणि उपयोग मोठा. उठल्यावर चक्कर येत असेल, तर झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात. घरी येणारे फिजिओथेरपिस्ट तोल सांभाळण्याचे व्यायाम शिकवतात.

सरकारी सोयीही माहीत असाव्यात. २०२४च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षं व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. हे संरक्षण रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. मावशींचा पगार त्यातून निघत नाही, तो घरालाच उभा करावा लागतो. सत्तरीपुढच्यांना बँकेच्या मूलभूत सेवा घरपोच द्याव्यात, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये सांगितलं आहे. पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो. अडचणीत सल्ल्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. दोन्ही क्रमांक फोनशेजारी मोठ्या अक्षरात लिहून लावावेत.

या साऱ्यात निर्णय मात्र आई-बाबांचाच हवा. कोण मावशी येणार, किती वाजता येणार, स्वयंपाकघरातल्या कोणत्या गोष्टींना हात लावायचा नाही, हे त्यांनी ठरवावं. त्यांना न विचारता खोलीत कॅमेरा लावणं म्हणजे काळजीच्या नावाखाली पाळत ठेवणं. पडझड झाल्यावर दवाखान्याच्या व्हरांड्यात घाईनं ठरवण्यापेक्षा, दिवाळीला घर भरलेलं असताना त्यांच्याशेजारी बसून विचारावं, ‘तुम्हाला काय जड जातंय?’ आणि उत्तर पुरतं ऐकून मगच ब्युरोला फोन करावा.