आल्फा रोमिओ १६४ आणि १६६ : सरस वारसदाराची हार

मिलानच्या आल्फा रोमिओ कंपनीने १९८७ मध्ये १६४ नावाची मोठी चार दारांची गाडी आणली. साहेबी वर्गातली, म्हणजे कंपन्यांचे संचालक, सरकारी अधिकारी, डॉक्टर, वकील घेतील अशी. पुढच्या दहा वर्षांत तिच्या दोन लाख अडुसष्ट हजारांच्या आसपास गाड्या बनल्या. १९९८ मध्ये तिची जागा १६६ ने घेतली. ही नवी गाडी जुनीपेक्षा लांब होती, वेगवान होती, वळणावर कितीतरी समजूतदार होती. तरीही २००७ मध्ये तिचे उत्पादन थांबले तेव्हा एकूण आकडा एक लाखाच्या आतच राहिला होता. तिच्यानंतर आल्फाने त्या आकाराची दुसरी सलून गाडी आजवर बनवलेली नाही.

वारसदार सरस असूनही का हरतो, हा प्रश्न मला यंत्रांच्या इतिहासातला फार महत्त्वाचा वाटतो. या दोन गाड्या शेजारी उभ्या करून पाहिल्या की त्याचे उत्तर बरेचसे मिळते.

सरकारी कंपनीची शेवटची मोठी गाडी

आल्फाची स्थापना १९१० मध्ये मिलानमध्ये झाली. १९३३ मध्ये ती इटालियन सरकारच्या मालकीची झाली आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तशीच राहिली. शर्यतींमधले नाव मोठे, अभियंते अव्वल, पण पैशाची कायम चणचण. ऐंशीच्या दशकात तोटा सरकारला पेलवेनासा झाला. १९८६ मध्ये फोर्डने कंपनी विकत घेण्याची तयारी दाखवली, पण शेवटी ती गेली तुरिनच्या फियाटकडे. १६४ चे बहुतेक काम या विक्रीच्या आधीच पूर्ण झाले होते. त्यामुळे स्वतंत्र आल्फाने घडवलेली ती शेवटची गाडी मानली जाते, जरी ग्राहकापर्यंत पोहोचली ती फियाटच्या छत्राखाली.

तिचा पाया मात्र एकट्या आल्फाचा नव्हता. मोठी गाडी सुरुवातीपासून उभी करण्याचा खर्च एका कंपनीला परवडण्यासारखा नसल्याने फियाट, लान्चा आणि स्वीडनची साब एकत्र आल्या होत्या. ‘टाइप फोर’ नावाच्या त्या भागीदारीत आल्फा सर्वांत शेवटी सामील झाली. साब ९०००, लान्चा थेमा आणि फियाट क्रोमा या तिघी १९८४-८५ मध्येच बाजारात आल्या. शेजारी उभ्या केल्या तर त्यांची दारेसुद्धा सारखी दिसतात. उशिरा आलेल्या आल्फाने खालचा सांगाडा घेतला, पण वरचे सगळे शरीर स्वतःचे ठेवले. दारांचा एक पत्राही इतर तिघींशी जुळत नाही.

ते शरीर रेखाटले पिनिनफरिना या नामवंत डिझाइन संस्थेतल्या एन्रिको फुमिया यांनी. त्यांची कल्पना एका रेषेची आहे. पुढच्या दिव्याच्या कोपऱ्यापासून एक खोल घडी निघते, दारांवरून सरळ मागे धावते आणि डिकीच्या कडेला संपते. मागे दोन वेगळे दिवे नाहीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला एकच अरुंद लाल पट्टा आहे. पुढे आल्फाची ढालीच्या आकाराची जाळी लहानशी आणि तिच्या दोन्ही बाजूंना चपटे दिवे. गाडी पाचरीसारखी पुढे उतरती, मागे उंच. हवेचा अवरोध मोजण्याचा अंक ०.३० होता, जो त्या काळात अशा गाडीसाठी उत्तमच म्हणायचा. दोन वर्षांनी प्युजोची ६०५ आली तेव्हा ती १६४ सारखी दिसते अशी टीका झाली. तीही पिनिनफरिनाच्याच हातची होती.

आतला डॅशबोर्ड त्या काळाचा खास नमुना आहे. मधल्या भागात एकसारख्या लहान बटणांच्या रांगाच रांगा. दिसायला अतिशय नेटक्या, पण अंधारात हवे ते बटण शोधणे अवघड. वातानुकूलनाच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटारींचे प्लास्टिकचे दाते झिजून तुटतात, हे या गाडीचे जगभर ठाऊक असलेले दुखणे. मात्र गंजाच्या बाबतीत तिने आल्फाची जुनी बदनामी पुसली. जस्ताचा लेप दिलेला पत्रा मोठ्या प्रमाणावर वापरल्याने आज पस्तीस वर्षांनंतरही तिच्या तळाला बऱ्यापैकी शाबूत पत्रा सापडतो.

बुस्सो यांचे इंजिन

दोन्ही गाड्यांना जोडणारा धागा म्हणजे ज्युसेप्पे बुस्सो यांचे व्ही-६ इंजिन. बुस्सो दुसऱ्या महायुद्धानंतर थोडा काळ फेरारीत होते, मग आल्फात परतले आणि तिथलेच झाले. त्यांचे हे इंजिन १९७९ मध्ये आल्फा ६ या गाडीत पहिल्यांदा आले. २.५ लिटरचे, सबंध अॅल्युमिनियमचे, तीन-तीन सिलिंडरांच्या दोन ओळी ६० अंशांच्या कोनात. सुरुवातीला त्याला सहा कार्बोरेटर होते, एकेका सिलिंडराला एक. १६४ मध्ये ते ३ लिटरचे झाले आणि आडवे बसवले गेले. बॉनेट उघडले की हवा आत नेणाऱ्या सहा चकचकीत नळ्या समोर येतात. त्या झाकण्याचा विचार कोणी केला नाही, आणि ते योग्यच झाले. कारण या इंजिनाची कीर्ती दिसण्याइतकीच आवाजाची आहे. कमी वेगात घुमणारा खर्ज, आणि फेरे वाढत गेले की सलग चढत जाणारा स्वर.

१९९३ मध्ये या इंजिनाला २४ झडपा मिळाल्या. त्याखेरीज प्रत्येक सिलिंडराला दोन स्पार्क प्लग असलेले २ लिटरचे ‘ट्विन स्पार्क’ होते, टर्बो होता, डिझेलही होते. टर्बो लावलेले २ लिटरचे व्ही-६ ही खास इटालियन सोय होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे २ लिटरपेक्षा मोठ्या पेट्रोल इंजिनाच्या गाडीवर जबर कर असे. म्हणून इंजिन लहान ठेवायचे आणि ताकद टर्बोने वाढवायची, हा मार्ग निघाला.

१६४ चा खरा दोष तिच्या पुढच्या चाकांत होता. तोवरच्या मोठ्या आल्फा मागच्या चाकांवर चालत. इथे प्रथमच इतकी ताकद पुढच्या चाकांवर आली. तीच चाके गाडी वळवणार आणि तीच ओढणार. दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की सुरुवातीच्या व्ही-६ गाड्यांचे स्टिअरिंग हातातून एका बाजूला खेचले जाई. नंतरच्या गाड्यांत ते बरेच सुधारले. क्यू-फोर या आवृत्तीत चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा आणि सहा गिअर आले. ती थोड्याच संख्येने बनली आणि आज संग्राहक तिच्याच शोधात असतात.

याच गाडीच्या नावाने एक विलक्षण प्रयोगही झाला. नेहमीच्या गाडीसारखे दिसणारे शरीर आणि आत फॉर्म्युला वनच्या जातीचे इंजिन, अशा गाड्यांची शर्यतमालिका सुरू करण्याचा बेत होता. त्यासाठी १६४ प्रोकार बनवली गेली. १६४ च्या आकाराचे हलके कवच, ते उचलले की खाली शर्यतीची गाडी आणि ३.५ लिटरचे व्ही-१० इंजिन. १९८८ मध्ये इटालियन ग्रांप्रीच्या वेळी मोन्झाच्या मार्गावर शर्यतचालक रिकार्दो पात्रेसे यांनी ती चालवून दाखवली. दुसरी कोणती कंपनी पुढे आली नाही आणि मालिका सुरू होण्याआधीच संपली.

अमेरिकेत १६४ ही आल्फाची निरोपाची गाडी ठरली. १९९५ मध्ये कंपनीने तो बाजार सोडला.

वारसदार

१६६ आली १९९८ च्या शरद ऋतूत. तोवर आल्फाचा कारभार पुरता बदलला होता. १६४ मिलानजवळच्या आरेझेच्या कारखान्यात बनत असे. १६६ तुरिनजवळ रिवाल्ताला बनू लागली. पाया लान्चा कप्पा या १९९४ च्या गाडीशी नाते सांगणारा होता. आरेखन मात्र आल्फाच्या स्वतःच्या डिझाइन केंद्राचे. त्याचे प्रमुख होते वॉल्टर दे सिल्व्हा, ज्यांच्या १५६ या मधल्या आकाराच्या गाडीने नुकतीच सगळ्या युरोपची वाहवा मिळवली होती.

१६४ ची लांबी ४.५५ मीटर, १६६ ची ४.७२. यांत्रिक दृष्टीने मोठी झेप होती ती सस्पेन्शनची. १६४ मध्ये चारही चाकांना साधे स्ट्रट होते. १६६ मध्ये पुढे दुहेरी विशबोन आणि मागे अनेक दांड्यांची रचना. चाक खालीवर होताना त्याचा रस्त्याशी असलेला कोन टिकून राहावा, हा या महागड्या रचनेचा हेतू. परिणाम स्पष्ट आहे. १६४ जिथे चालकाशी झटापट करते, तिथे १६६ शांतपणे वळते. स्टिअरिंग चपळ, बसणे आरामाचे, लांब पल्ल्यावर थकवा कमी. ३ लिटरच्या १६६ चा कमाल वेग ताशी २४३ किलोमीटर सांगितला गेला; सुरुवातीच्या १६४ व्ही-६ चा २३० होता. डॅशबोर्डवरच्या बटणांच्या रांगा गेल्या. त्यांच्या जागी एक पडदा आला. रेडिओ, फोन, वातानुकूलन आणि रस्ता दाखवणारा नकाशा असे सगळे एका ठिकाणी, आणि तेही १९९८ मध्ये.

बाजूने आणि मागून पाहिली तर १६६ फार देखणी आहे. तिच्या पृष्ठभागांवर अनावश्यक काही नाही. घोळ होता चेहऱ्याचा. खाली झुकलेले नाक आणि त्यावर बारीक, मिटल्यासारखे दिवे. १६४ मध्ये एका कल्पनेने सगळी गाडी बांधून ठेवली होती. १६६ मध्ये पुढचा भाग एक बोलतो आणि उरलेली गाडी दुसरेच. २००३ मध्ये मोठे दिवे आणि रुंद ढाल देऊन हा चेहरा बदलला गेला. सोबत ३.२ लिटरचे २४० अश्वशक्तीचे व्ही-६ इंजिनही आले. तेव्हा ती गाडी जशी दिसली, तशी पहिल्या दिवशी दिसायला हवी होती.

पण एकट्या चेहऱ्याने ती हरली नाही. गाडीची तुलना ग्राहक तिच्या पूर्वसुरीशी करत नाही. त्या दिवशी शोरूममध्ये आणखी काय मिळते, हे तो पाहतो. १६४ आली तेव्हा बीएमडब्ल्यूची नवी ५ मालिका यायची होती. ती १९८८ मध्ये आली. मर्सिडीजची डब्ल्यू१२४ भक्कम होती, पण आल्फाइतकी तेजतर्रार नव्हती. इटालियन गाडीला जागा होती. १६६ आली तोवर मर्सिडीजची नवी ई-क्लास आणि बीएमडब्ल्यूची पुढची ५ मालिका १९९५ मध्येच आल्या होत्या, आणि ऑडीची नवी ए६ १९९७ मध्ये. त्यांतली ५ मालिका तर आजही त्या वर्गाचा मानदंड मानली जाते. १६६ ने १६४ ला मागे टाकले, पण स्पर्धक तोवर आणखी पुढे निघून गेले होते. त्यात मोठ्या इटालियन गाडीची किंमत दुसऱ्या हाती जाताना झपाट्याने उतरते, हे युरोपभर ठाऊक होते. कंपनीसाठी घाऊक गाड्या घेणाऱ्याला तेवढे कारण पुरेसे असते.

डिझेल, चीन आणि शेवट

१६६ च्या एका बाजूचा आपल्याशीही संबंध येतो. तिचे २.४ लिटरचे पाच सिलिंडरांचे डिझेल इंजिन कॉमन रेल पद्धतीचे, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना एकाच सामाईक नळीतून दाबाने इंधन पुरवणारे होते. ही पद्धत प्रवासी गाडीत आणण्याचे मूळ काम फियाट समूहात झाले आणि १९९७ मध्ये आल्फा १५६ मध्ये ती प्रथम विक्रीला आली. २००३ मध्ये तिची सुधारित ‘मल्टिजेट’ पिढी आली आणि ती १६६ लाही मिळाली. त्याच पिढीचे १.३ लिटरचे छोटे इंजिन पुढे पुण्याजवळ रांजणगावला बनू लागले. मारुती स्विफ्ट डिझेलमुळे त्या इंजिनाचा आवाज महाराष्ट्रातल्या गावोगावी ओळखीचा झाला. म्हणजे १६६ आपल्या रस्त्यांवर आली नाही, पण तिच्या घराण्यातले तंत्र लाखो घरांत पोहोचले.

गाडीचा पायाही वाया गेला नाही. उत्पादन थांबल्यावर तो चीनच्या ग्वांगझू ऑटो कंपनीने घेतला आणि २०१० मध्ये आलेली ‘ट्रम्पची’ या नावाची तिची पहिली सलून त्यावर उभी राहिली. दे सिल्व्हा १९९९ मध्ये आल्फा सोडून फोक्सवॅगन समूहात गेले आणि पुढे तिथले डिझाइनप्रमुख झाले. आल्फाने घडवलेला माणूस आणि आल्फाने घडवलेला पाया, दोन्हींचे मोल दुसऱ्यांनी ओळखले. आरेझेत बुस्सो इंजिनाचे उत्पादन २००५ च्या अखेरीस बंद झाले. बुस्सो स्वतः त्यानंतर काही दिवसांतच, जानेवारी २००६ च्या सुरुवातीला वारले.

आता निवाडा. आरेखन म्हणून १६४ श्रेष्ठ आहे. विसाव्या शतकातल्या उत्तम चार दारांच्या गाड्यांची यादी तिच्यावाचून अपुरी राहील. रोज चालवायची गाडी म्हणून १६६ निःसंशय चांगली आहे, आणि तिला तिच्या गुणांपेक्षा कमी मान मिळाला. दोघींच्या नशिबातला फरक अभियंत्यांनी पाडला नाही; तो मालकांनी पाडला. मोठी गाडी दर सात-आठ वर्षांनी नवी करत राहण्याची चिकाटी जर्मनांकडे होती. फियाटने आल्फाला एक संधी दिली, तीही उशिरा, आणि पहिल्या अपयशावर वर्गच सोडून दिला. ज्या कारखान्यात अशी माणसे आणि असे इंजिन होते, त्याच्याबाबत हा निर्णय चुकीचा होता असे माझे ठाम मत आहे.

युरोपात राहणाऱ्या कोणा वाचकाला यांतली एखादी घ्यायची असेल तर ३ लिटरची व्ही-६ घ्यावी. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये, कारण तो तुटला तर इंजिन निकामी होते. १६६ असेल तर पुढच्या सस्पेन्शनचे बुश तपासून घ्यावेत, १६४ असेल तर वातानुकूलनाच्या झडपा. आणि दोन्ही समोर असतील तर संग्रहासाठी १६४ घ्यावी, प्रवासासाठी १६६.