गुलाल उधळला की सल्ले का सुरू होतात?

मिरज : ग्रामपंचायतीचा निकाल लागला की हार घालायला आलेला माणूस नव्या सरपंचाच्या कानात सल्लाही देऊन जातो. म्हैसाळ योजनेचं पाणी, पाणंद रस्ता, तुंबलेली गटार. असं का होतं?

२०२२ पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो. त्यामुळं 'आमच्या मतावर आलाय' हा हक्क प्रत्येकाला वाटतो. शिवाय सुरुवातीला दार उघडं असतं, पुढं भेट मिळेलच याची खात्री नसते.

पण कट्ट्यावरच्या सल्ल्याची नोंद कुठंच होत नाही. कायद्यानं वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. तिथं विषय मांडा, ठराव प्रोसिडिंगला लिहून घ्या. मग 'असं कोण बोललं होतं?' म्हणायला कुणाला जागा उरत नाही.