शपथ, फौज आणि अवज्ञा : टोल्किनच्या गोंडोर राज्यातील सरंजामी निष्ठेचे स्वरूप

अद्भुतकथेतील राज्याला सैन्य असते, सरदार असतात, रणवाद्ये असतात. परंतु ते सैन्य कोणी उभे केले, सरदार कोणत्या बंधनाने बांधलेले आहेत, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. साहजिकच अशा कथेतील सरंजामशाही ही केवळ नेपथ्यरचना आहे, असा आक्षेप घेतला जातो. जे. आर. आर. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (1954–55) या कृतीच्या बाबतीत हा आक्षेप कितपत टिकतो, हे पाहणे उद्बोधक ठरते. टोल्किन हे ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि स्वामी-सेवक निष्ठा हा त्यांच्या अभ्यासविषयाचा गाभा होता, ही गोष्ट येथे विसरता येत नाही.

प्रथम फौजेचा विचार करावयास हवा. गोंडोरची राजधानी मिनास तिरिथ वेढ्याच्या छायेत असताना दक्षिणेकडील प्रांतांतून कुमक येते, त्या प्रसंगाची नोंद टोल्किन एखाद्या दफ्तरदाराच्या काटेकोरपणाने करतात. लोसारनाखचा वृद्ध सरदार फोर्लाँग अवघी 200 माणसे आणतो. त्याच्याकडून दसपट अपेक्षा होती. रिंग्लो खोऱ्यातून 300, काळमूळ खोऱ्यातून 500 तिरंदाज, पिन्नाथ गेलिनमधून 300 हिरव्या वेषातील लोक येतात. दूरच्या आन्फालासहून शिकारी, गुराखी, खेडूत यांची लांबच लांब रांग येते. पण सरदाराच्या घरची माणसे वगळता कोणाजवळ धड शस्त्रही नाही. लामेडोनचे मूठभर डोंगरी लोक तर नायकाविनाच आलेले आहेत. शेवटी दोल आम्रोथचा राजपुत्र इम्रहिल आपले घोडेस्वार वीर आणि 700 पायदळ घेऊन येतो. एकूण संख्या 3000 सुद्धा भरत नाही, आणि तटावरून पाहणाऱ्या नागरिकांच्या जयघोषाखाली निराशा दडलेली असते.

या तुटीचे कारण कथेतच दिलेले आहे. उंबारच्या चाच्यांचे आरमार किनाऱ्यावर चाल करून येत असल्याने सरदारांनी आपली बहुतेक माणसे आपापल्या मुलखाच्या रक्षणासाठी मागे ठेवली आहेत. येथे फितुरी नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. सरंजामी फौज ही राजाच्या खजिन्यातून पोसलेली फौज नव्हे. ती सरदाराच्या घरची, त्याच्या जमिनीवरची माणसे असतात, आणि त्याचे पहिले उत्तरदायित्व त्याच जमिनीशी असते. राजधानीत दुर्गरक्षकांची पथके आहेत, सीमेवर इथिलिएनचे रानरक्षक आहेत. परंतु या कायम सैन्याच्या बळावर वेढा उठणे शक्य नाही. केंद्राचे बळ अखेर परगण्यांच्या निर्धास्तपणावर अवलंबून आहे.

म्हणूनच मृतांच्या सैन्याचा प्रसंग वरवर दिसतो तितका निव्वळ अद्भुत राहत नाही. एरेखच्या शिळेपाशी इसिल्दुर राजाला दिलेली शपथ डोंगरी लोकांनी मोडली आणि ती पुरी होईपर्यंत त्यांना शांती नाही, असा शाप त्यांना मिळाला. त्याचा वारस आरागॉर्न त्यांना पाचारण करतो, त्यांच्याकरवी पेलार्गिरच्या बंदरात चाच्यांचे आरमार उधळतो आणि तेथल्या तेथे त्यांना मुक्त करतो. शपथ व्यक्तीला नसून वंशाला बांधलेली आहे, आणि ती वसूल करण्याच्या हक्कासोबत ती फेडली गेल्याचे मान्य करण्याचे कर्तव्यही वारसाकडे येते. परिणाम मात्र पूर्णपणे लौकिक आहे. किनाऱ्यावरचे भय नाहीसे होताच लेबेन्निन आणि लामेडोनची अडकून पडलेली माणसे राजधानीच्या मदतीला मोकळी होतात. राजधानीची रणभूमी आरागॉर्नबरोबर हे जिवंत लोक गाठतात, मृत नव्हे.

रोहानचे नाते याहून वेगळे आहे. तृतीय युगाच्या 2510 या वर्षी एओर्लने केलेल्या मदतीच्या मोबदल्यात गोंडोरचा कारभारी किरिओन याने त्याच्या लोकांना कालेनार्धोनचा प्रदेश दिला. मराठी वाचकाला येथे इनामाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण रोहानचे लोक स्वतःच्या राजाखाली, स्वतःच्या कायद्याने राहतात. ते मांडलिक नव्हेत, शपथबद्ध मित्र आहेत. म्हणून लाल बाण घेऊन येणारा दूत आज्ञा आणत नाही, आठवण आणतो. आणि थेओडेन राजाही 10,000 ऐवजी 6000 स्वारच देऊ शकेन, असे मोकळेपणाने सांगू शकतो.

गोंडोरचा कारभारी हे पदही असेच फसवे साम्य दाखविते. राजाविना नऊशेहून अधिक वर्षे कारभाऱ्यांनी राज्य चालविले, तरी ते सिंहासनाच्या पायथ्याशी ठेवलेल्या काळ्या दगडी आसनावरच बसत आले. पेशव्यांशी तुलना करण्याचा मोह येथे होतो. तथापि साताऱ्याला छत्रपती होते, त्यांच्याकडून पेशवेपदाची वस्त्रे घ्यावी लागत. गोंडोरमध्ये वस्त्रे देणाराच कोणी नाही. डेनेथॉर स्वतः सिंहासनावर बसत नाही, पण खरा वारस येत असल्याची चाहूल लागताच त्याला पद सोडवत नाही. अनुपस्थित धन्याची निष्ठा सोपी असते, असेच यातून सूचित होते.

टोल्किन यांच्या 1953 मधील 'द होमकमिंग ऑफ बेओर्ख्टनोथ' या लेखनाचा संदर्भ येथे उपयुक्त ठरतो. 991 मधील माल्डनच्या लढाईत सरदाराने शौर्याच्या अहंकाराने व्हायकिंग शत्रूला पाणी ओलांडू दिले आणि त्याच्या माणसांनी निष्ठेपोटी प्राण दिले. सेवकाची निष्ठा थोर, परंतु ती उधळण्याचा अधिकार स्वामीला नाही, असा टोल्किन यांचा निष्कर्ष आहे. कारभारी आपला पुत्र फारामिर याला नदीवरील निरुपाय ठाण्यावर पाठवितो, तेव्हा हाच पेच पुन्हा उभा राहतो. फारामिर आपला विरोध नोंदवितो आणि जातो.

या व्यवस्थेच्या मर्यादा उघड आहेत. सारा कोण भरतो, शेतकऱ्याचे पीक फौजेखाली तुडवले गेले तर त्याची भरपाई कोण देतो, यावर टोल्किन जवळपास मौन पाळतात. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी आरागॉर्नच्या करधोरणाविषयी विचारलेला प्रश्न म्हणूनच रास्त आहे. पण निष्ठेचा प्रश्न टोल्किन यांनी टाळलेला नाही, आणि त्याची खरी कसोटी राजांच्या नव्हे, एका सामान्य पहारेकऱ्याच्या वाट्याला आली आहे.

पिपिन डेनेथॉरच्या सेवेची शपथ घेतो तेव्हा धनीही बांधला जातो: निष्ठेला प्रेम, पराक्रमाला मान, शपथभंगाला सूड, असे त्याचे उत्तर असते. पुढे भ्रमिष्ट झालेला डेनेथॉर मूर्च्छित फारामिरसह चितेवर चढू पाहतो. तो पिपिनला सेवेतून मुक्त करतो. पिपिन जाण्याची परवानगी तेवढी स्वीकारतो, मुक्तता नाकारतो, आणि धन्याला वाचविण्यासाठी धन्याच्याच इच्छेविरुद्ध धावतो. वाटेत तो दुर्गरक्षक बेरेगोंडला गाठतो. आज्ञेविना ठाणे सोडणे हा बेरेगोंडसाठी देहान्ताचा गुन्हा आहे. तो ठाणे सोडतो, आणि जेथे रक्त सांडण्यास मनाई आहे त्या समाधिस्थळी त्याच्या हातून आपल्याच लोकांचे रक्त सांडते. त्यामुळे फारामिर वाचतो.

राज्याभिषेकानंतर आरागॉर्नसमोर हा खटला येतो. कायदा रद्द केला तर प्रत्येक सैनिक आपल्या मनाचा धनी होईल. कायदा चालविला तर ज्याने राज्याचा वारसा राखला तोच मारला जाईल. राजा देहान्ताची शिक्षा माफ करतो, पण बेरेगोंडला दुर्गरक्षकांतून काढतो आणि नगराबाहेर जाण्यास फर्मावतो. बेरेगोंडचा चेहरा पांढरा पडतो. मग राजा पुढे सांगतो की, इथिलिएनचा राजपुत्र झालेल्या फारामिरच्या श्वेत पथकाचा नायक म्हणून त्याने एमिन आर्नेन येथे राहावयाचे आहे. शिक्षा कायम राहते, आणि ज्याच्यासाठी त्याने सर्वस्व पणाला लावले त्याच्याच सेवेत ती भोगावयाची असते.