कांदा, गाल आणि मिठाचं पाणी

आठवीच्या विज्ञानात पेशींचा धडा आला, की मुलं आधी वनस्पतिपेशी आणि प्राणिपेशी यांच्यातल्या फरकाचा तक्ता पाठ करतात. माझं म्हणणं असं, की तक्ता नंतर. आधी दोन्ही पेशी डोळ्यांनी बघाव्यात. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा फरक तर मिठाच्या पाण्यातच उघड होतो, आणि मीरा-भाईंदरकरांना मीठ, खाडी आणि तिवरं काही लांब शोधायला नकोत.

सामान साधंच आहे. शाळेचा सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, त्यावर ठेवायची पातळ कव्हरस्लिप, ड्रॉपर, चिमटा, टिपकागद, आयोडीन, मिथिलीन ब्लू आणि लाल कांदा. प्रयोगशाळेच्या बाईंना किंवा सरांना आधी विचारून ठेवावं.

पहिलं काम कांद्याचा पापुद्रा काढायचं. कांद्याची एक जाड पाकळी घेऊन मध्ये मोडावी. आतल्या खोलगट बाजूला पारदर्शक पापुद्रा सुटलेला दिसेल. तो चिमट्याने धरून हळूच ओढायचा. नखाएवढा तुकडा पुरे. बरेच जण जाड तुकडाच काचेवर ठेवतात आणि मग अंधाराशिवाय काही दिसत नाही. पापुद्रा लगेच पाण्याच्या थेंबात ठेवावा, नाहीतर तो वाळून सुरकुततो आणि पेशी एकावर एक चढतात.

आता त्यावर आयोडीनचा एक थेंब. कव्हरस्लिपची एक कड काचपट्टीवर तिरकी टेकवावी आणि दुसरी बाजू सुईच्या आधाराने सावकाश खाली सोडावी. वरून धपकन टाकली, तर हवा अडकते. जाड काळ्या कडेचे, अगदी गोल ठिपके दिसले, तर ते हवेचे बुडबुडे समजावेत. दरवर्षी कितीतरी वह्यांमध्ये हेच बुडबुडे पेशी म्हणून काढले जातात.

बघायला सुरुवात नेहमी सगळ्यात कमी वर्धनाच्या, म्हणजे सगळ्यात कमी मोठं दाखवणाऱ्या भिंगाने करावी. मोठं भिंग लावल्यावर मोठा स्क्रू फिरवू नये. भिंग काचेवर आपटतं. काचपट्टी डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं, त्यात बिघाड काही नाही.

दिसतं ते विटांच्या भिंतीसारखं. एकेक वीट म्हणजे एक पेशी, साधारण पाव मिलिमीटर लांब. विटेभोवतीची स्पष्ट रेघ म्हणजे पेशीभित्तिका, सेल्युलोज या चिवट पदार्थाचं बाहेरचं आवरण. रॉबर्ट हूकने 1665 मध्ये बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले, ते नुसत्या भित्तिकाच होत्या. बुचातल्या पेशी मेलेल्या असतात, आत काही उरलेलं नसतं. आपल्या कांद्यात मात्र आयोडीनने पिवळसर तपकिरी झालेला एक गोळा दिसतो. तो केंद्रक, पेशीचा कारभार चालवणारा भाग. रॉबर्ट ब्राऊनने 1831 मध्ये त्याला नाव दिलं.

केंद्रक बहुतेक पेशींत एका कडेला सरकलेला असतो, कारण मधली जागा पाण्याने भरलेल्या मोठ्या पिशवीने, म्हणजे रिक्तिकेने, व्यापलेली असते. आकृतीत तो सवयीने मधोमध काढू नये. हरितलवकं, म्हणजे पानात अन्न तयार करणारे हिरवे कण, इथे शोधूनही सापडणार नाहीत. कांदा जमिनीखाली वाढतो, त्याला उजेड नसतो. ती बघायची, तर मत्स्यालयाच्या दुकानातल्या हायड्रिलाचं कोवळं पान ठेवावं.

मग गालाची पेशी. चूळ भरून टूथपिकच्या बोथट टोकाने गालाच्या आतली बाजू हलकेच खरवडावी. रक्त येता कामा नये. जे येईल ते 0.9 टक्के मिठाच्या पाण्याच्या थेंबात पसरावं, वर मिथिलीन ब्लू. रंग जास्त झाला तर टिपकागदाने टिपून घ्यावा. टूथपिक ज्याची त्याने वापरायची आणि लगेच टाकून द्यायची. या पेशी खूप लहान, चपट्या, कडेला वेड्यावाकड्या, मध्ये गडद निळा केंद्रक. कडेला भित्तिका नाही, फक्त प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीत काय येणार आणि काय जाणार ते ठरवणारा पातळ पडदा.

इथे मोठा गैरसमज होतो. वनस्पतिपेशीत भित्तिका आणि प्राणिपेशीत पटल, असं मुलं सरळ लिहून टाकतात. पटल दोघांतही असतं. कांद्यात ते भित्तिकेला आतून इतकं चिकटलेलं असतं, की दिसतच नाही. ते दाखवायलाच मीठ लागतं.

लाल कांद्याच्या पाकळीच्या बाहेरच्या, रंगीत बाजूचा पापुद्रा घ्यावा. तो काढणं थोडं कठीण जातं, दोन-तीनदा प्रयत्न करावा. याला आयोडीन लावायचं नाही. आयोडीनने पेशी मरते आणि मेलेलं पटल मीठ रोखू शकत नाही. साध्या पाण्यात पेशी गुलाबी रंगाने काठोकाठ भरलेल्या दिसतील. तो रंग रिक्तिकेतला.

आता सुमारे 50 मिलिलिटर पाण्यात सपाट चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅमच्या आसपास मीठ विरघळवावं. कव्हरस्लिपच्या एका कडेला त्याचा थेंब सोडून दुसऱ्या कडेला टिपकागद धरावा. पाणी ओढलं जाऊन मिठाचं पाणी आत शिरतं. काही मिनिटांत गुलाबी भाग आधी कोपऱ्यांतून सुटतो, मग आक्रसत जातो. भित्तिका जागची हलत नाही. त्या गुलाबी भागाची बाहेरची कड जिथे दिसते, तिथेच पटल आहे.

याला रससंकोच म्हणतात. पटलातून पाणी सहज जातं, मीठ सहज जात नाही. म्हणून पाणी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे निघून जातं. हे परासरण. लगेच साधं पाणी सोडलं, तर पेशी पुन्हा भरते आणि भित्तिकेपाशी थांबते. फार वेळ खारात ठेवली, तर मात्र परतत नाही.

प्राणिपेशीला थांबवायला भित्तिका नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी साध्या पाण्यात फुगून फुटतात, दाट खारात आक्रसतात. म्हणून तर दवाखान्यातल्या सलाईनमध्ये 0.9 टक्केच मीठ असतं. रक्ताचा प्रयोग घरी करू नये. एवढं वाचून कळलं तरी पुष्कळ.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. मिठागरात ऊन तेच पाणी इतकं आटवतं, की मीठ तळाशी बसू लागतं. कांद्याचं रोप खाडीच्या पाण्यातही टिकणार नाही. आपण काचेवर पाहिलं तेच त्याच्या मुळांत होईल. मग वसईच्या खाडीतली तिवरं हिरवीगार कशी? त्यांची मुळं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात. जे आत येतं, त्यातलं पुष्कळसं रिक्तिकांमध्ये साठतं. त्यामुळे पेशीचा रस खारट राहतो आणि पाणी बाहेर ओढलं जात नाही. उरलेलं मीठ पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथी बाहेर टाकतात. कोरड्या दुपारी हाताच्या भिंगातून तिवराचं पान झाडावरच बघावं, पांढरे कण दिसतात. तोडायची गरज नाही, आणि राज्यात कांदळवनाला संरक्षण असल्याने ते तोडूही नये.