ऑफिसातला कुबट वास

शनिवारी संध्याकाळी ऑफिस रिकामे झाले की सफाईची माणसे येतात. आठवडाभर चहाचे, कॉफीचे आणि पावसाळी बुटांचे डाग झेललेल्या कार्पेटवर शाम्पू पडतो, गोल ब्रशचे मशीन फिरते, फेस होतो, जमेल तेवढे पाणी ओढून घेतले जाते. रात्री दहाच्या सुमारास दिवे, एसी, दारे सगळे बंद. सोमवारी सकाळी कुलूप उघडते तेव्हा कार्पेट डोळ्यांना लख्ख दिसते, नाकाला मात्र काही वेगळेच जाणवते. ओल्या पोत्यासारखा, बंद कपाटातल्या जुन्या वह्यांसारखा वास. कोणीतरी रूम फ्रेशनर मारते. तासाभरात एसीने हवा गार होते, वास विरतो आणि दोघातिघांच्या शिंका तेवढ्या उरतात. ‘मला एसी सोसत नाही’ असे म्हणून तेही विषय संपवतात.

एसीचा यात हात आहे, पण तो चालू असल्याचा नव्हे, बंद राहिल्याचा. मुंबईत किंवा कोकणपट्टीत जुलै महिन्यात हवेचा दवबिंदू २४-२५ अंश सेल्सिअसच्या घरात असतो. म्हणजे इतक्या किंवा याहून थंड वस्तूला ती हवा टेकली की तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून घाम फुटतो तो याचमुळे. आठवडाभर एसीने गार झालेला काँक्रीटचा स्लॅब म्हणजे अशीच एक भलीमोठी बाटली. एसी चालू असतो तोवर हवा थंड असते आणि कोरडीही, कारण तो हवेतले पाणी काढून नळीतून बाहेर टाकत असतो. तो बंद झाला की दारांच्या फटींतून, लिफ्टच्या पोकळीतून, स्वच्छतागृहाच्या झडपांतून बाहेरची दमट हवा आत येते. स्लॅब अजून गारच असतो. खोलीच्या मध्यावर आर्द्रता ८० टक्के असेल, तर जमिनीलगत, कार्पेटच्या बुडाशी ती शंभराजवळ पोहोचते. त्यात कार्पेट नुकतेच धुतलेले असेल तर विचारायलाच नको.

ऑफिसातले कार्पेट वरून दिसते तेवढेच नसते. वर नायलॉनची आखूड लव, तिच्याखाली ती धरून ठेवणारे कापड, त्याखाली रबरासारखा किंवा प्लॅस्टिकचा थर, मग गोंद आणि शेवटी काँक्रीट. धुतल्यावर वरची लव काही तासांत कोरडी लागते आणि हात फिरवणाऱ्याचे समाधान होते. खालच्या थरांतल्या पाण्याला मात्र बाहेर पडायला वाट नसते. नायलॉन हे बुरशीचे अन्न नव्हे. पण लवेच्या मुळाशी साचलेली धूळ, आपल्या अंगावरून रोज झडणारे त्वचेचे कण, बिस्किटांचा चुरा हे सगळे तिला चालते. बुरशीचे बीजाणू कुठल्याही हवेत असतातच. त्यांना हवे असते ते पाणी आणि थोडा वेळ.

हा वेळ किती, याचा एक व्यवहार्य आकडा आहे. शाळा आणि व्यापारी इमारतींतील बुरशीबाबत अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००१ साली जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात भिजलेले कार्पेट आणि गाद्यागिरद्या २४ ते ४८ तासांच्या आत वाळवायला सांगितले आहे. साधने साधीच आहेत: पाणी ओढणारे मशीन, हवेतली आर्द्रता कमी करणारे यंत्र आणि पंखे. शनिवारी रात्री दहा ते सोमवारी सकाळी नऊ हे अंतर ३५ तासांचे होते, तेही पंख्याशिवाय. पाणी नळाचे नसून गटाराचे असेल, तर हा हिशेबच लागू होत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत तळमजल्यांवर घाण पाणी शिरले. अशा पाण्यात बुडालेले कार्पेट वाळवून पुन्हा वापरण्याचा हट्ट धरू नये. ते उचलून टाकणेच स्वस्त पडते.

कुबट वासाचे रसायनशास्त्र मात्र गमतीचे आहे. पहिल्या पावसानंतर येणाऱ्या मृद्गंधामागे जिओस्मिन नावाचे एक संयुग असते. मातीतले काही जिवाणू ते तयार करतात. ओलसर ठिकाणी वाढणारे काही जिवाणू आणि बुरशीही तेच बनवतात, आणि माणसाचे नाक ते अत्यल्प प्रमाणातही ओळखते. त्याच्या जोडीला अळंबीला तिचा विशिष्ट वास देणारे एक अल्कोहोल येते. तोच मातीचा वास अंगणात आला तर माणूस थबकतो आणि मीटिंग रूममध्ये आला तर नाक मुरडतो. मुरडणे योग्यच आहे, कारण बंद खोलीत तो वास म्हणजे कुठेतरी काहीतरी ओले राहिल्याची वर्दी असते. फ्रेशनर मारून ती वर्दी दाबली जाते, ओल तशीच राहते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशी या विषयावर घरातील हवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर इमारतीत राहणाऱ्या-काम करणाऱ्यांत खोकला, छातीत घरघर, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि आधीपासून असलेला दमा बळावणे यांचे प्रमाण वाढते, याला पुरेसा आधार असल्याचे त्यात म्हटले आहे. विशेष म्हणजे ‘हवेत इतके बीजाणू चालतील’ अशी कोणतीही सुरक्षित मर्यादा संघटनेने दिली नाही. ओलच होऊ देऊ नका, एवढेच सांगितले. त्यामुळे हवेचे महागडे नमुने घेऊन बीजाणू मोजत बसण्यापेक्षा भिंतीवर साधा आर्द्रतामापक लावणे अधिक कामाचे.

धुळीतल्या माइट किड्यांची भीती मात्र ऑफिसच्या बाबतीत थोडी जास्तच घातली जाते. एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा हा जीव पाणी पीत नाही, हवेतले बाष्प शोषून जगतो. आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांखाली राहिली तर तो सुकून मरतो. त्यामुळे एसी नीट चालणाऱ्या ऑफिसपेक्षा घरची गादी आणि उशी त्याला कितीतरी मानवते. ऑफिसच्या खुर्च्या आणि सोफे यांचा प्रश्न निराळा आहे. तिथले ॲलर्जीकारक कण बऱ्याचदा बाहेरून, कपड्यांवरून येतात. मांजराच्या लाळेतले आणि त्वचेतले प्रथिन तर मांजर कधीच न शिरलेल्या वर्गांत आणि ऑफिसांतही सापडते. मांजर पाळणारा सहकारी खुर्चीवर बसतो, उठतो, आणि ते प्रथिन कापडात मागे राहते. अशा कापडाला पाण्याची घाई नसते. आधी व्हॅक्यूम हवा, तोही बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचा. हेपा दर्जाचा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. साध्या, गळक्या पिशवीचे मशीन ढोबळ कचरा उचलते आणि बारीक धूळ मागच्या बाजूने हवेत सोडते. सफाई चालू असताना शिंका येतात त्या यामुळे.

व्हॅक्यूम कंटाळवाणा असतो, शाम्पू दिसतो. म्हणून सगळा भर शाम्पूवर. पण साबण कार्पेटमधून पूर्ण निघाला नाही तर वाळल्यावर त्याचा चिकट थर राहतो आणि पुढची धूळ त्याला चिकटते. ‘महिन्यापूर्वीच धुतलं, पुन्हा काळं पडलं’ या तक्रारीचे कारण अनेकदा शाम्पूच असतो. चहाचा डाग धुऊनही दोन दिवसांनी त्याच जागी उगवतो, त्याचे कारण समईच्या वातीत पाहावे. वात जसे तेल वर ओढते, तसा कार्पेटचा धागा बुडाशी उतरलेले पाणी वर ओढतो. पाणी टोकाशी उडून जाते आणि त्यात विरघळलेला डाग तिथेच राहतो. जितके जास्त पाणी ओतावे तितका डाग खोल जाणार आणि तितकाच परत येणार. हॉटेलांत असतात त्या लोकरीच्या, भदोही-मिर्झापूरकडच्या हातगाठींच्या गालिच्यांना तर ब्लीच दाखवूही नये. लोकर हे प्रथिन आहे, आणि ब्लीच ते चक्क विरघळवते.

दगडी फरशीवर हाच अतिरेक ॲसिडच्या रूपाने येतो. जुन्या सरकारी कचेऱ्या, बँका, दवाखाने यांच्या जमिनी कोटा, शहाबादी, संगमरवर किंवा मोझॅकच्या. हे सगळे एकाच गोत्राचे. कोटा आणि शहाबादी म्हणजे चुनखडक, संगमरवर हे त्याचेच रूपांतर, आणि मोझॅकमध्ये संगमरवराचेच खडे सिमेंटमध्ये बसवलेले असतात. सर्वांत मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट किंवा त्याचे सख्खे नातेवाईक. दुकानात ‘ॲसिड’ म्हणून मिळते ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते टाकले की फरशी फसफसते आणि बघणाऱ्याला वाटते, मळ निघतोय. प्रत्यक्षात फरशीच विरघळत असते आणि फेसातून कार्बन डायऑक्साइड निघत असतो. वरची चकाकी जाते, पृष्ठभाग खरखरीत होतो, खाचांत मळ अधिक धरतो आणि पुढच्या महिन्यात आणखी ॲसिड लागते. ग्रॅनाइटला या ॲसिडचे तितके सोयरसुतक नसते, पण त्याच्या सांध्यांतल्या सिमेंटला असते. एकदा अशी खाल्ली गेलेली फरशी पूर्वपदावर आणायची तर ती घासूनच काढावी लागते: आधी जाड, मग क्रमाने बारीक दाण्याचे दगड किंवा हिऱ्याच्या कणांचे पॅड, आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड. हे ॲसिड दगडातल्या कॅल्शियमशी मिळून पाण्यात न विरघळणारे संयुग बनवते, त्याने चकाकी टिकते. घासणी पाणी मारत करायची असते. कोरडी केली तर सिमेंटमधल्या वाळूची सूक्ष्म सिलिकायुक्त धूळ मशीन धरणाऱ्याच्या फुप्फुसात जाते, आणि गेलेली सिलिका परत निघत नाही.

आणि त्या माणसाकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. ऑफिसातल्या माणसाला सोमवारी तासभर वास येतो. सफाई करणारी बाई तोच वास, शिवाय ब्लीच, फिनेल, ॲसिड, काचेचा स्प्रे, रोज सात-आठ तास श्वासातून घेते. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. युरोपातील ६,२३५ जणांची फुप्फुसे त्यात सुमारे वीस वर्षांच्या काळात पुन्हा पुन्हा तपासली होती. पूर्ण श्वास घेऊन जोरात सोडला असता पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे माप वयानुसार सर्वांचेच हळूहळू घटते. सफाईचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांत ते दरवर्षी ३.९ मिलिलिटरने जास्त घटत होते. घरची साफसफाई करणाऱ्या स्त्रियांतही ही जादा घट ३.६ मिलिलिटर होती. आकडा छोटा वाटतो, पण तो दरवर्षीचा आहे आणि साठत जातो. पुरुषांत असा परिणाम दिसला नाही. मात्र त्या अभ्यासात सफाईकाम करणारे पुरुषच थोडे होते, हेही ध्यानात घ्यायला हवे. ही संशोधक मंडळी कुठल्याही चमत्कारिक रसायनाविषयी बोलत नव्हती. रोजच्या वापरातलीच द्रव्ये होती.

त्याहून तातडीचा धोका बादलीत असतो. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरिन वायू निघतो, १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर वापरला होता तोच. ब्लीच आणि अमोनिया असलेला काचेचा क्लीनर एकत्र आले तर क्लोरामाइन्स. ‘दोन्ही टाकलं की चांगलं निघतं’ हा समज जिन्याखालच्या, खिडकी नसलेल्या मोरीत जीवघेणा ठरू शकतो. त्या मोरीत एक्झॉस्ट पंखा, मापाचे झाकण आणि मराठी-हिंदीत लिहिलेली लेबले एवढे असले तरी बराच फरक पडतो. डबक्यात काय आहे हे न कळता ‘निळं’ आणि ‘पिवळं’ अशा रंगांवर काम चालते तिथेच घात होतो. शक्य तिथे हवेत स्प्रे मारण्याऐवजी द्रव फडक्यावर घेऊन पुसावे. थेंबांचे धुके नाकात जाते, फडके जात नाही. आणि रोजच्या धुळीला ओलसर मायक्रोफायबरचे फडके पुरते, तिला जंतुनाशक लागत नाही.

कार्पेटचे मोठे धुणे पावसाळ्याच्या आत, एप्रिल-मेमध्ये उरकून घ्यावे किंवा दिवाळीनंतर काढावे. मधल्या काळात रोजचा व्यवस्थित व्हॅक्यूम, सांडल्याबरोबर टिपून घेणे आणि दाराशी चार-पाच पावले पडतील इतके लांब पायपुसणे ठेवणे यावर भागते. भर पावसात धुवावेच लागले तर रविवारभर एसी आणि पंखे चालू ठेवावे लागतात, आणि भांडण होते ते इथे. कंत्राट चौरस फुटांच्या दराने ठरलेले असेल तर धुण्याचे पैसे मिळतात, वाळवण्याचे नाही. एसी चालवायचा तर विजेचे बिल ऑफिसच्या माथी. म्हणून वाळवण्याचे तास आणि त्यांचा खर्च कंत्राटातच लिहून घ्यावा. काम झाले की नाही हे ठरवायला तज्ज्ञ लागत नाही. सोमवारी सकाळी चार-पाच ठिकाणी कार्पेटवर पांढरा कोरडा टिश्यू पेपर ठेवावा, त्यावर बुटासकट अर्धा मिनिट उभे राहावे आणि कागद उचलून उजेडात धरावा. ओलीचा डाग दिसला तर पंखे तसेच चालू ठेवायचे आणि त्या भागातली टेबले दुपारपर्यंत रिकामी.